मिठाची भट्टी

प्रिय आई, आणि प्रिय भट्टीबाई,

दोघींना, म्हणजे घरातल्या तुला आणि कारखान्याने भट्टीबाई म्हटलेल्या तुला, एकाच पाकिटात घालते आहे, कारण दोघींशी वेगवेगळं बोलून काही उपयोग होत नाही हे मला कळून चुकलंय. आईला काही सांगायला जावं तर मध्येच भट्टीबाई उठून बसते आणि भुवया वर करते. भट्टीबाईशी वाद घालायला जावं तर आई विचारते, जेवलीस का. फोनवर तर आपण बोलतच नाही, नुसत्या तब्येती विचारतो. तुझा गुडघा, माझा खोकला, दादाच्या मुलीचे दात. खोकल्याचा विषय निघाला की तू घाईघाईने दातांकडे वळतेस, आणि त्या घाईत माझी सगळी भट्टी धूर सोडत उभी असते. म्हणून लिहिते आहे. लिहिलेलं तुला मध्येच तोडता येत नाही, एवढाच काय तो माझा फायदा.

गुरुवारी माझ्या भट्टीची तपासणी आहे. परवाना मिळाला तर ती चालेल, नाही मिळाला तर वीज तोडतील आणि मी आणि माझी भागीदार गाळा रिकामा करून चावी परत देऊ. हे तुला माहीत आहेच. कसं माहीत आहे, तेही मला माहीत आहे. त्याकडे शेवटी येते. आधी मला तुला ती भट्टी दाखवायची आहे, कारण तू ती पाहिलेली नाहीस. ज्या भट्टीत मीठ जातं तिथे मी पाय ठेवणार नाही, असं तू म्हणाली होतीस, आणि तू शब्दाची पक्की.

मिठावरचा तुझा राग मला नवा नाही. तुझ्या कारखान्यातल्या त्या नव्या सुपरवायझरने काटकसर म्हणून जुनी पोती आणली, ओली करून सुकत ठेवलेल्या कच्च्या इन्सुलेटरवर पांघरली, आणि पूर्वी त्या पोत्यांत खडेमीठ होतं हे कुणाला सुचलंच नाही. मीठ मातीत उतरलं, मालाबरोबर भट्टीत गेलं. भट्टी उघडली तेव्हा मी तुझ्या मागे उभी होते. विजेच्या खांबांवर जायचे ते गुळगुळीत पांढरे इन्सुलेटर संत्र्याच्या सालीसारखे खडबडीत चकाकत होते, फळ्यांना चिकटून बसले होते, आणि भिंतीच्या विटांना घाम फुटावा तशी काच चढली होती. सुपरवायझर काहीतरी समजावून सांगत होता. तू त्याला एवढंच म्हणालीस, साहेब, स्वयंपाक घरी करायचा. त्या दिवसापासून शेडमध्ये मीठ बंद झालं. डब्यातलंसुद्धा. बर्नरवाले काका तुझ्या धाकाने उकडलेलं अंडं अळणी खायचे. तुझी पाठ वळली की खिशातून पुडी काढायचे आणि मला डोळा मारून म्हणायचे, बोललीस तर बघ. मी बोलले नाही. आता ते घरी बसले आहेत, तेव्हा सांगायला हरकत नाही.

आणि मग त्याच भट्टीबाईची धाकटी मुलगी शिकून परत आली आणि म्हणाली, मी मिठातच पूड करणार. तू भांडी पुसत होतीस. फडकं खांद्यावर टाकलंस आणि म्हणालीस, भाजणं म्हणजे भाजणं. शिजवायचंच असेल तर घरात गॅस आहे. दादा हसला. मीही हसले असते, पण तू हसत नव्हतीस.

आई, तू आयुष्यभर वस्तू भाजल्यास. मला वस्तू नको, पूड हवी असते. तुझ्या भट्टीत कण एकमेकांना घट्ट धरतात आणि ते तुला हवंच असतं, नाहीतर इन्सुलेटर खांबावर टिकायचा कसा. माझ्या कामात नेमकी तीच खोड नडते. दोन ऑक्साइड कोरडेच एकत्र भाजले, तर जिथे कणाला कण टेकलाय तिथेच काय ती देवाणघेवाण होते, पुढे वाट नाही. मग आग वाढवा, वेळ वाढवा, आणि एवढं करून हाती काय येतं, तर ढेकूळ. ते फोडायचं, दळायचं, आणि दळताना कणांचे आकार मोडून टाकायचे. म्हणून मी मीठ घालते. आपलं रोजचं मीठ आणि त्याचं चुलत भावंड, पोटॅशियमचं. दोन्ही एकत्र आली की एकेकट्यापेक्षा कितीतरी लवकर वितळतात. आपण दोघी एका खोलीत आलो की लवकर तापतो, तसंच. झाकणबंद मुशीत ते मीठ पाण्यासारखं पातळ होतं. त्या पातळ मिठात बिस्मथ आणि टायटॅनियम हिंडायला लागतात, एकमेकांना भेटतात, आणि स्फटिक धरतो. त्याला दाबायला कुणी नाही, चिकटायला कुणी नाही. त्याला जसं वाढायचंय तसा तो वाढतो. हा स्फटिक जात्याच चपटा. मिठात त्याची पातळशी चकती होते, डोळ्याला न दिसणारी. सगळं थंड झालं की मुशीत मिठाचा दगड उरतो. तो गरम पाण्यात सोडायचा. मीठ पाण्याबरोबर निघून जातं, चकत्या तळाशी राहतात. मीठ त्यांच्यात मिसळत नाही. काम करून देतं आणि निघतं. हे मी तुला किती वेळा सांगायला आले आणि किती वेळा तू गॅस बारीक करायच्या निमित्ताने उठून गेलीस, ते आठव.

गाळा औद्योगिक वसाहतीतल्या शेवटच्या रांगेत आहे. पूर्वी तिथे गाद्या भरायचे. अजूनही पंखा मोठा केला की कुठूनतरी कापूस उडतो आणि आम्ही दोघी उघडी भांडी झाकायला धावतो. दोघी म्हणजे मी आणि थेंबू, माझी भागीदार. तिला तू एकदा घरी पाहिलंयस. बोटं काळी पडलेली बघून तू तिला साबण दिला होतास, आणि ती बिचारी हात धुऊन आली होती. तो मळ नव्हता. धुतलेल्या पुडीत मीठ उरलंय का हे बघायला आम्ही निथळलेल्या पाण्यात चांदीच्या क्षाराचा थेंब टाकतो. मीठ असेल तर पाणी दुधाळ होतं, नसेल तर निवळ राहतं. तो थेंब बोटाला लागला की डाग पडतो आणि कातडी बदलेपर्यंत जात नाही. थेंबूचं नाव त्यावरूनच पडलं. ती भेटेल त्या पाण्यात थेंब टाकते.

सुरुवातीला आमची काय फजिती झाली ते ऐक, म्हणजे तुला बरं वाटेल. पूड धुतली, थेंब टाकला, पाणी दुधाळ. पुन्हा धुतली, पुन्हा दुधाळ. आणखी गरम पाणी, आणखी ढवळणं, दुधाळच. पाठी मोडल्या. संध्याकाळ झाली तरी मीठ काही पुडीला सोडेना. मला तुझा चेहरा दिसायला लागला. बघ, मी म्हणत होते, मीठ एकदा शिरलं की निघत नाही. थेंबू वैतागून प्यायला पाणी घेऊन बसली, आणि सवयीने तिने त्या पेल्यातही थेंब टाकला. पेला दुधाळ झाला. आम्ही दिवसभर नळाच्या पाण्याने धूत होतो, आई, आणि आमच्या नळाला येतं ते बोअरचं मचूळ पाणी. मीठ पुडीत नव्हतंच, धुणाऱ्या पाण्यात होतं. आम्ही स्वच्छ केलेला माल पुन्हा पुन्हा खारट करत बसलो होतो. थेंबू म्हणाली, आपल्या दोघींच्या पदव्या विकून एक डिस्टिल्ड पाण्याचा कॅन येईल का बघ. हसून हसून आम्ही खाली बसलो. मग शुद्ध पाण्याने धुतलं, थेंब टाकला, आणि पाणी निवळ राहिलं. तळाशी बसलेली पूड मी नुसती काचेच्या कांडीने हलवली, आणि पाण्यात रेशमासारखी लहर उठली. चकत्या वळतात तशा चमकतात. सगळ्या मिळून एका अंगाला वळल्या की पाणी उजळतं, पुन्हा वळल्या की विझतं. तुला भट्टीच्या भोकातून आगीचा रंग बघून कळायचं ना, आता झालं, तसं मला त्या लहरीवरून कळतं. कुठल्याही यंत्राच्या आधी.

माल घेणाऱ्या कारखान्यालाही ते पटायला वेळ लागला. ते लोक वाफेच्या नळांवर बसवायचे सेन्सर बनवतात. नळाला आत तडा जायला लागला की त्याचा बारीक आवाज त्या सेन्सरला आधी ऐकू येतो. मोठ्या तापमानात बहिरा न होणारा सेन्सर त्यांना हवा, आणि तो आमच्या पुडीचा होतो. पहिला माल गेला आणि त्यांच्या इंजिनिअरचा फोन आला, बाई, तुमची पूड आणि बाजारची पूड यात काही फरक नाही. मी तडक गेले. बघते तर त्याने नेहमीच्या सवयीने ती गोट्यांच्या दळणयंत्रात फिरवलेली. काचेच्या बशा पोत्यात भरायच्या, वर दगड टाकायचे, पोतं गदागदा हलवायचं आणि मग म्हणायचं, बशा काही खास नाहीत. मी त्याच्यासमोर दोन पेल्यांत दोन्ही पुडी ढवळल्या. माझ्या पेल्यात लहर उठली, त्याच्या पेल्यात नुसता चुना. तो बराच वेळ चमचा फिरवत राहिला. मग म्हणाला, म्हणजे काहीच करायचं नाही का हिला? मी म्हटलं, हात जोडून उभं राहायचं. आता ते पूड न दळता पातळ लेप करून पात्याखालून ओढतात. चकत्या पत्त्यांसारख्या आडव्या पडतात, सगळ्या एका दिशेला. माल कायमचा घ्यायला ते तयार आहेत. अट एकच, भट्टी परवान्याची हवी.

आणि परवाना अडलाय तो शेजाऱ्यामुळे. शेजारच्या गाळ्यात खिडक्यांच्या जाळ्या बनवणारा वेल्डर आहे. त्याच्या रंग न दिलेल्या जाळ्या भराभर तांबूस पडायला लागल्या. एक दिवस तो आमच्या दारात उभा राहून ओरडला, तुमच्या धुराने माझ्या मालाला म्हातारपण आलं! मी म्हटलं, धूर नाही, वाफ आहे. तो म्हणाला, बारसं नंतर करा, आधी बंद करा. तक्रार त्यानेच केली, आणि तक्रार खरी होती. हे मी तुझ्यासमोर कबूल करते आहे म्हणून लगेच मान हलवू नकोस. मीठ तापलं की थोडं उडतं, आणि उडालेलं मीठ लोखंड खातं, विटा खातं. तू म्हणायचीस ते मी कधीच खोडलं नव्हतं. माझं म्हणणं एवढंच होतं की खातं म्हणून त्याला घराबाहेर ठेवायचं, की त्याला त्याचं ताट कसं वाढायचं ते शिकायचं? मी मुशीच्या झाकणाची कड लेप देऊन बंद करायला लागले. मुशी आणखी एका झाकणबंद पेटीत ठेवल्या. मीठ खाईल तर त्या पेटीला खाईल, भट्टीच्या विटांना नाही, आणि पेटी बदलता येते. उरलेली वाफ पाण्याच्या फवाऱ्यातून नेणारा एक ड्रम बसवला. तो ड्रम कुणी जोडला सांगू? त्याच वेल्डरने. म्हणाला, तक्रार मागे घेणार नाही, पण तुम्ही लावलेले सांधे बघवत नाहीत. आता धुराड्याच्या तोंडाशी त्याने स्वतःच्या हाताने एक घासलेली, उघडी लोखंडी पट्टी टांगली आहे. रोज सकाळी शिडीवर चढून बघतो, गंजली का. अजून गंजलेली नाही. दिवसेंदिवस त्याचा चेहरा पडत चाललाय.

म्हणजे भट्टी तयार आहे. माझ्या मते तयार आहे. पण माझ्या मताला काय किंमत, ती माझीच भट्टी. कुणीतरी बघायला हवी, आणि बघणाऱ्याला आग कळायला हवी.

बाबा गेल्यावर तुला कारखान्यात घेतलं तेव्हाची गोष्ट तू आम्हाला कधी सांगितली नाहीस. मला ती बर्नरवाल्या काकांनी सांगितली. लोक म्हणायचे, नवऱ्याच्या जागेवर लागली. भट्टी पहिल्यांदा तुझ्या हाती दिली तेव्हा मालक सगळ्यांदेखत म्हणाले, पहिला माल कसाही निघू दे बाई, आम्ही सांभाळून घेऊ. त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. आणि तू म्हणालीस, सांभाळूनच घ्यायचं असेल तर दुसऱ्या कुणाला उभं करा. भट्टी थंड झाली तेव्हा तू दार उघडू दिलं नाहीस, जोवर मालकांपासून झाडूवालीपर्यंत सगळे शेडमध्ये येऊन उभे राहिले नाहीत. काका म्हणाले, तुझी मान ताठ होती. माल चांगला निघाला की वाईट, ते मी त्यांना विचारलंच नाही. मला ते महत्त्वाचं वाटलं नाही.

काल दादाचा फोन आला. तो एवढा खूश होता की आधी मला काही कळेचना. वसाहतीच्या कार्यालयाने तपासणीसाठी भट्टीतलं माणूस शोधलं, आणि या भागात भट्टीतलं माणूस म्हटलं की एकच दार ठोठावतात. साहेबांनी तुला फोन केला आणि तू म्हणालीस, यायची काय गरज, मुलगी माझीच आहे, लिहून टाका ठीक आहे म्हणून. दादा म्हणाला, सुटलीस, पेढा न मागता मिळाला. थेंबूने ते ऐकलं आणि काळ्या बोटांनी टाळ्या वाजवल्या. मी स्टुलावर बसून राहिले. ज्या बाईने कच्चा इन्सुलेटरसुद्धा टिचकी मारून ऐकल्याशिवाय कधी पुढे सोडला नाही, तिने माझी भट्टी न बघता पास केली. तो होकार तुझ्या मुलीला होता, आई, भट्टीला नव्हता. तुला वाटत असेल, एवढंच करू शकते मी तिच्यासाठी. मला माहीत आहे, ते सोपं नव्हतं तुला. म्हणूनच हे दादाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते आहे: मी कार्यालयात जाऊन तो होकार रद्द करून आले. साहेब म्हणाले, बाई, लोक इथे होकारासाठी चपला झिजवतात. मी म्हटलं, ज्यांनी दिला त्यांनी भट्टी पाहिलेली नाही, चालणार नाही. थेंबू माझ्याशी बोलत नाही. एवढंच म्हणाली, तू अगदी तुझ्या आईवर गेली आहेस, आणि ते तिने चांगल्या अर्थाने म्हटलेलं नाही. तर आता असं आहे. गुरुवारी सकाळी तू आलीस तर तू बघशील. नाही आलीस तर ते दुसऱ्या कुणाला पाठवतील, तो मिठाचं नाव ऐकूनच फुली मारेल आणि गाळा जाईल. जाऊ दे. मी दुसरा गाळा शोधीन, पुन्हा भट्टी बांधीन, पुन्हा मीठ घालीन. पण तू आलीस तर पाहुणी म्हणून येऊ नकोस. मी बाहेर वेल्डरच्या बाकावर बसेन, आत पाऊल टाकणार नाही, एक शब्द समजावून सांगणार नाही. तू विटांवरून हात फिरव, पेटी ठोकून बघ, ड्रममध्ये डोकं घाल, वेल्डरला माझ्याविरुद्ध जे बोलायचंय ते सगळं बोलू दे. आणि नाही म्हणावंसं वाटलं तर खुशाल नाही म्हण. फक्त मुशीचं झाकण उचलून म्हण.

तुझीच, आणि तुझ्याइतकीच हट्टी,
धाकटी